हायरूलच्या किल्ल्याचा नकाशा काढतोय, ग्रंथालयाशी अडलोय

टी_स्क्वेअर, नौपाडा, ठाणे

नमस्कार. प्रश्न 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या व्हिडिओ गेममधल्या हायरूल राज्याच्या किल्ल्याचा आहे. ज्यांचा खेळ अजून चालू आहे त्यांनी पुढे वाचू नये, बरंच काही उघड होईल.

मी ३१ वर्षं वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन होतो. निम्मी वर्षं बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर गेली, निम्मी संगणकावर. वस्तू कळायची तर तिचा सेक्शन काढायचा, म्हणजे मधोमध कापून बघायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने जिने चढायला बंदी होती. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिचा स्विच, म्हणजे खेळाचं यंत्र, इथेच कपाटात ठेवून गेली होती. तिनं फोनवरून मला बटणं शिकवली, आधी चालायची, मग चढायची. तरुणपणी मी दर रविवारी पहाटेची कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडून डोंगरात जायचो. त्या दोन महिन्यांत मी जे डोंगर चढलो ते या खेळातले, आणि मला त्याची किती गरज होती ते मलाच माहीत.

आता चारही डिव्हाइन बीस्ट, म्हणजे शत्रूच्या ताब्यात गेलेले प्रचंड यंत्रप्राणी, सोडवून झाले आहेत. किल्ला तेवढा राहिलाय. पहिल्या दिवशी ग्रेट प्लॅटोवरून, खेळ सुरू होतो त्या पठारावरून, तो दिसला तेव्हापासून तो मनात आहे. राज्याच्या बरोबर मध्यावर, भोवती खंदकाचं पाणी, कड्यावर एकावर एक चढत गेलेले मनोरे आणि त्यांना वेढून घिरट्या घालणारा तो लालकाळा राक्षस गॅनन. शंभर वर्षं राजकन्या झेल्डा आत त्याला थोपवून उभी आहे हे ठाऊक असूनही तीन महिने झाले, मी वर सँक्टममध्ये, शेवटची लढाई होते त्या दालनात, पाऊल टाकलेलं नाही. तिथे माणसं राहत होती, जेवत होती, रोजनिशी लिहीत होती. त्यांचं घर आधी नीट बघावं, खोलीन् खोली, असं वाटतं.

म्हणून नकाशा काढायला घेतला. किल्ल्यात शिरलं की नायकाच्या हातातल्या स्लेटवर, म्हणजे पाटीसारख्या यंत्रावर, त्याचा फिरवता येणारा त्रिमितीय नकाशा मिळतो, पण त्याला मापं नाहीत. मग माप मीच ठरवलं. लिंक, म्हणजे आपण खेळवतो तो नायक, सरळ रेषेत न अडखळता धावला की त्याचा एक सेकंद म्हणजे कागदावर पाच मिलिमीटर. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून प्रत्येक भिंत तीनदा धावतो आणि सरासरी लिहितो. उंचीला जिन्याच्या पायऱ्या. आतापर्यंत ए-वन शीटवर झेल्डाची खोली, तिथून पुलावरून जायचा तिच्या अभ्यासिकेचा मनोरा, पहारेकऱ्यांची खोली आणि ग्रंथालय एवढं बसलंय. मी वर पोचलो तो झोरा या जलवासी लोकांचं चिलखत घालून, धबधब्यातून पोहत. समोरच्या दरवाजानं अजून गेलेलो नाही.

अडचण ग्रंथालयाची आहे. आतून धावून घेतलेलं माप आणि शेजारच्या दालनांवरून निघणारं माप जुळत नाही. एक खोलीभर जागा उरते. कागदावर अशी जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथे एक तर भरीव खडक असतो, नाहीतर मला न सापडलेलं काहीतरी. ते काय आहे?

दुसरं, एवढ्या मोठ्या राजवाड्यात धान्य, सरपण, सामान रोज येत असणार. समोरची वाट वळणावळणाची, तीवर दोन चौक्या. गाड्या तिथून चढवत असतील हे माझ्या मनाला पटत नाही. मालाची वाट कुठली?

आणि तिसरं, राजघराण्याला निसटायला चोरवाट होती का?

मुलीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "बाबा, राजाची खोली बघितल्याशिवाय वर जाऊ नका." ती खोली कुठे आहे ते सांगायला तयार नाही.

सानपाड्याची_सई

काका, तुमचं माप चुकलेलं नाही. ती जागा खरंच पोकळ आहे!

मी हा खेळ २०२० च्या लॉकडाउनमध्ये खेळले. मी नि भाऊ, एकच टीव्ही, आणि किल्ल्यात शिरायला मला दोन आठवडे लागले होते. मी ग्रंथालयातून तीन-चार वेळा गेले असेन, पण ती पोकळी माझ्या लक्षात आली नाही. तुम्ही ती स्टॉपवॉचवर पकडलीत याचं मला फार कौतुक वाटलं.

ग्रंथालयात उभे राहा आणि मॅग्नेसिस, म्हणजे स्लेटची चुंबकशक्ती, सुरू करा. ज्यात लोखंड आहे ते सगळं गुलाबी दिसतं. पुस्तकांच्या कपाटांकडे बघा, काही कपाटं गुलाबी होतील. ती ओढून बाजूला घेता येतात. एकामागे राजाची अभ्यासिका आहे. आत काय आहे ते मीही लिहिणार नाही, याबाबतीत मी तुमच्या मुलीच्या बाजूची. दुसऱ्या कपाटामागे वाट आहे, ती खाली खाली उतरत थेट धक्क्यावर निघते.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या शेजारच्या भिंतीत आहे. धक्का किल्ल्याच्या मागच्या अंगाला, उत्तरेला, कड्याच्या पोटात आहे. खंदकातून आत गुहेसारखं तोंड आहे, होड्या सरळ डोंगराच्या आत येतील असं. तिथे एक विझलेली मोठी मशाल दिसेल. ती पेटवा. सास कोसाह नावाचं श्राइन, म्हणजे परीक्षा घेणारं छोटं देवालय, उघडं होतं. दाराशी स्लेट लावली तरी पुरे, आतली परीक्षा नंतर द्या, ती अवघड आहे. एकदा स्लेट लावलीत की कुठूनही थेट धक्क्यावर उतरता येतं. रोज संध्याकाळी तासभर मोजमाप करणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

अजून थोडं, तुमच्या कामाचं:

रक्तचंद्र झाला की मारलेले राक्षस परत उभे राहतात. त्यामुळे चौक्यांची मापं घ्यायची असतील तर रक्तचंद्र होऊन गेल्यावर आत जा, म्हणजे मोकळा वेळ जास्त मिळतो. दोन्ही चौक्यांत लायनेल हा तगडा राक्षस आहे. पाऊस असेल तर बाहेरच्या भिंती चढू नका, हात सटकतात. किल्ल्यात मिळणारी 'रॉयल गार्ड' शस्त्रं मार जबर देतात, पण लवकर मोडतात, त्यांच्यावर विसंबून राहू नका.

आणि तुरुंग सोडू नका. कोठड्यांची रांग संपते तिथे हाडांचा ढीग पडलेला दिसेल. पुढे गेलात की त्यातून स्टालनॉक्स हा एकडोळ्या सांगाडा-राक्षस उठतो. त्याच्या डोळ्यावर बाण धरा. तो पडला की हायलियन ढाल मिळते, आणि तिच्याइतकी चिवट ढाल खेळात दुसरी नाही.

ग्रंथालयात राजघराण्याच्या पाककृतीही सापडतील. रिव्हरसाइड स्टेबल या घोड्यांच्या तळावरचा एक माणूस त्यांची वाट बघतोय. मला त्या वाचताना पहिल्यांदा वाटलं की इथे खरंच कोणाचंतरी स्वयंपाकघर होतं.

गडवाट, कळवा

टी_स्क्वेअर साहेब, तुम्ही कसारा लोकलचा उल्लेख केलात म्हणून लिहितोय. मी खेळ स्वतः खेळलेलो नाही, पुतण्याच्या खांद्यावरून पाहिलाय. त्याला मी मध्येच थांबवून "कॅमेरा वळव, तो बुरूज दाखव" असं करत बसायचो.

आपल्याकडे गड बांधताना पहिला प्रश्न पाण्याचा. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी तेच सांगितलंय: आधी उदक पाहावं, मग किल्ला बांधावा. रायगडावर गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव आहेत म्हणून तिथे राजधानी नांदली. हायरूलच्या किल्ल्याला खाली खंदक आहे आणि अंगावरून धबधबे कोसळतात. पाण्याची ददात नाही. पण ज्या धबधब्यातून तुम्ही पोहत वर गेलात त्यातूनच शत्रूही येऊ शकला असता, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. कदाचित झोरा लोक आपलेच आहेत या भरवशावर.

दुसरं दरवाजाचं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये वळण घेऊन दडवलेला आहे. खालून येणाऱ्याला तो दिसत नाही, आणि दिसेपर्यंत तो दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडलेला असतो. तुमच्या हायरूलला महाद्वार शहरासमोर उघडं, सरळ, भव्य. ते येणाऱ्याचे डोळे दिपवायला केलंय. पुढची वाट मात्र वळणं घेते आणि चौक्या आडव्या येतात, तिथे बांधणाऱ्याला अक्कल होती.

चोरवाटेचं म्हणाल तर तेही आज्ञापत्रात आहे. एकच दरवाजा असणं हा गडाचा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. सई यांनी सांगितलेली कपाटामागची वाट हीच ती चोरदिंडी. मालाला धक्का, आणि राजाला त्याच धक्क्यावर उतरायला पुस्तकांमागची वाट. एका वाटेत दोन कामं.

तुरुंगाबद्दल तर ठाण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा किल्लाच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथेच फाशी दिलं. रोज त्या तटावरून नजर फिरते आपली. किल्ल्याच्या पोटात कोठड्या असतात, त्यांच्यासाठी सेक्शनमध्ये जागा धराच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते किल्ला पडला कसा ते. तट फुटला नाही, दरवाजा मोडला नाही. भोवतीचे पाच खांब वर आले, त्यांत राखणीसाठी ठेवलेली गार्डियन ही लढाऊ यंत्रं होती, आणि गॅननने तीच ताब्यात घेतली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. रायगड निदान समोरून लढून गेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी वाडे जाळले, आज आपण जोती बघतो.

निळा_कंदील, घणसोली

गडवाट, थोडा मतभेद. रायगडाशी तुलना केली तर हायरूल कायम कमी पडणार, कारण त्या कथेत तो लढायला बांधलेलाच नाही. मागचं संकट दहा हजार वर्षांपूर्वीचं. इतकी शांतता भोगलेल्या घराण्याचा तो राजवाडा आहे. तिथे ग्रंथालय दुमजली आहे, मुलीच्या अभ्यासिकेला स्वतंत्र मनोरा आहे. मला तर तो शिकणाऱ्यांचा वाडा वाटतो. चोरदिंडीसुद्धा ग्रंथालयात काढलीय, शस्त्रागारात नाही.

टी_स्क्वेअर काका, पडण्याआधीचा किल्ला बघायचा असेल तर २०२० साली 'एज ऑफ कॅलॅमिटी' आला होता, तो शंभर वर्षं मागे घडतो. पडझड झालेल्या भिंती मूळ कशा होत्या ते तिथून पडताळता येईल. आणि २०२३ चा 'टिअर्स ऑफ द किंगडम' इतक्यात सुरू करू नका. त्यात किल्ला जमिनीपासून उचलला जातो, तुमचा सेक्शन खालून बदलेल.

एक विनंती. मापं घेताना आवाज बंद ठेवू नका. बाहेर तटावर असताना संगीत पूर्ण ताकदीनं वाजतं, दारातून आत गेलात की तीच धून न तुटता हलकी होते. कुठली जागा 'आत' आणि कुठली 'बाहेर' हे पडझडीत कळत नसेल तिथे कान लावा.

टी_स्क्वेअर

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितोय कारण काम झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सई, मशाल पेटवली, श्राइन उघडलं, आता धक्क्यावरून ये-जा करतो. कपाटामागची वाट खालून वर मोजली. ती मिळाल्यावर ग्रंथालयाची एक बाजू पाच मिलिमीटरच्या आत जुळली. पहिल्यांदा शीटवर पेन्सिलीऐवजी पेन फिरवलं.

निळा कंदील, कानाची युक्ती अचूक आहे. दोन पडक्या दालनांबद्दल मी आठवडाभर अडलो होतो, त्यांना छप्पर धरायचं की नाही. आता एकाला धरलंय. गडवाट, तुमचं चोरदिंडीचं बोलणं वाचून त्या वाटेवर तुटक रेघ मारली आणि बाजूला 'चोरदिंडी' असंच लिहिलं. तुमच्या दोघांच्या वादात मी मधे आहे. चौक्यांची मापं घेताना गडवाट पटतात, अभ्यासिकेत उभं राहिलो की निळा कंदील. तिथे त्या मनोऱ्यात एक सायलेंट प्रिन्सेस फूल उगवलंय, आजूबाजूला झेल्डाची संशोधनाची टिपणं. ती मुलगी यंत्रांचा अभ्यास करायची आणि बाप तिला त्यावरून रागवायचा. तो रागावण्याचा प्रसंग लिंकला त्याच पुलावर आठवतो, खोली आणि मनोऱ्याच्या मधल्या. त्या पुलाची लांबी माझ्याकडे आधीपासून लिहिलेली होती.

मग राजाची खोली. कपाट सरकवलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. ही समोर बसून मेथी निवडत होती. रोजनिशीतली अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी टीव्हीजवळ जाऊन तिला मराठीत सांगत सांगत वाचली. राणी गेल्यावर एकटा पडलेला माणूस, लहान मुलीला कामाला जुंपणारा, राजा म्हणून कडक राहायलाच हवं असं स्वतःला बजावणारा. शेवटच्या नोंदीत मुलगी लानायरू पर्वतावर निघालीय, आणि ती परत आली की तिच्याशी मायेनं वागायचं असं त्याच्या मनात आलेलं आहे.

ही म्हणाली, "पुढचं पान वाचा."

पुढचं पान नाही. सतराव्या वाढदिवशी ती पर्वतावर गेली आणि उतरली त्याच वेळी संकट आलं. त्यानं ठरवलेलं त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. ग्रेट प्लॅटोवर मला कुऱ्हाडीच्या गोष्टी शिकवणारा, पॅराग्लायडर देणारा म्हातारा तोच होता, हे मला खेळाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. पण त्याच्या खोलीत उभं राहिल्यावर ते वेगळं कळलं.

मी मुलीला दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजला जाऊ दिलं नाही. इथे लिहितोय कारण ती हे वाचते.

त्या रात्री फोन केला. तिनं विचारलं, "वाचलीत?" मी हो म्हटलं. मग तिनं शीटचा फोटो मागितला आणि हॅचिंगवरून, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघांवरून, मला दोन चुका दाखवल्या. खडक आणि बांधकाम दोन्हीकडे मी सवयीनं एकाच तिरकसाची रेघ मारली होती. तिचं बरोबर होतं. दोन्ही खोडून पुन्हा करतोय. तुरुंग, भोजनगृह, निरीक्षणकक्ष आणि दोन्ही चौक्या राहिल्यात. शनिवारी ती येतेय, चौक्यांतला लायनेल ती बघेल आणि मी स्टॉपवॉच धरीन.

सानपाड्याची_सई

काका, शीट पुरी झाली की स्कॅन करून इथे टाका. राजाच्या खोलीला तुम्ही काय नाव लिहिलंय?

टी_स्क्वेअर

खोली क्र. १७, अभ्यासिका. दार ग्रंथालयाकडून. मुलीच्या मनोऱ्यापर्यंतचं अंतर बाजूला लिहिलंय, तीनदा धावून घेतलेलं.